विंचरणेच्या घळीवरचं माळरान : मोजणीच्या नोंदी

१० जानेवारी २०२५

पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या गायरानाचा उंचसखल नकाशा करायचं काम अखेर मार्गी लागलं. क्षेत्र साधारण साडेतीनशे हेक्टर. बालाघाटाचं पठार, त्यावर गवताळ माळ. चालता चालता माळ एकदम संपतो आणि पायाखाली घळ उघडते, ती पुढे विंचरणेला मिळते. सौताड्याचा धबधबा आणि खालचं रामेश्वराचं मंदिर सगळ्यांना ठाऊक असतं. आमची घळ त्याच नदीची, पण हिच्याकडे पर्यटक फिरकत नाहीत, हे आमच्या दृष्टीने बरंच आहे.

गावाला नकाशा हवाय तो चराईच्या आराखड्यासाठी. कुठलं गवत कधी राखायचं, ओघळींना दगडी बांध कुठे घालायचे आणि जेसीबी कुठे जाऊ द्यायचा नाही. शेवटचं वाक्य सरपंचांनी दोनदा ऐकवलं. शेजारच्या शिवारात मागे हातभर मातीच्या माळावर यंत्राने चर खोदून झाडं लावली होती. झाडं जगली नाहीत आणि गवत होतं तेही गेलं.

हाताशी काय आहे ते आज मांडून बघितलं. सर्व्हे ऑफ इंडियाचं ४७ एन मधलं टोपोशीट, प्रमाण १:५०,०००, समोच्च रेषांतलं अंतर २० मीटर. नासाच्या एसआरटीएमचा उंचीचा डेटा, फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून अकरा दिवसांत घेतलेला, चौकट ३० मीटरची, म्हणजे तेवढ्या चौरसाला एकच उंची. इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून केलेलं कार्टोडेम, भुवन या इस्रोच्या नकाशांच्या संकेतस्थळावर मिळतं तेही ३० मीटरचं. तिन्ही एकमेकांवर ठेवले. टोपोशीटवर आमचं अर्धंअधिक गायरान दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत बसतं, म्हणजे नकाशाच्या लेखी तिथे काही घडतच नाही. उपग्रहाच्या डेटात घळ दिसते, पण परातीसारखी: उथळ आणि कडा गोलावलेल्या. प्रत्यक्षात ती वरच्या टोकाला पंचवीस मीटरही रुंद नाही. एकाच चौकटीत वरची कड आणि खालचा तळ दोन्ही आले की मधली कुठली तरी उंची निघते, जी जागेवर कुठेच नसते.

ठरलं ते असं: माळावर अर्ध्या मीटरच्या रेषा. आणि घळीची कड संगणकावर सोडायची नाही, ती चालून मोजायची.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आजपासून कड धरू असा निरोप दिला होता. तात्यांनी फोनवरच मोडता घातला. "करीला कुणी नवं काम काढतंय का सर? उद्या या." तात्या गावातले मेंढपाळ, इथली वाट न् वाट त्यांच्या पायाखालची. तिळगूळ खाऊन बॅटऱ्या चार्ज करत बसलो.

१६ जानेवारी

सकाळी सातला माळावर. गवत गुडघ्याच्या वर: कुसळी, पवन्या, शेडा, लवणात, म्हणजे खोलगट जागी, मारवेल. मधूनच हिवर, बोर, एखादं पळसाचं खुरटं झाड. कुसळीची कुसळं झडून गेली असली तरी पायमोज्यात शिरायला पुरेशी उरलीत. ड्रोन चालवणाऱ्या ताई शहाण्या, त्यांनी गमबूट आणले होते. माती वीतभर, कुठे तीही नाही. खाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पश्चिमेला पवनचक्क्यांची रांग. तिच्यामुळे एक झालं, दिवसभर वाऱ्याची दिशा विचारायला लागली नाही.

कड चालणं म्हणजे रोव्हरचा (उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणाऱ्या फिरत्या यंत्राचा) खांब हातात घेऊन घळीच्या ओठावरून जायचं आणि दर दोन-तीन पावलांवर बिंदू घ्यायचा. कागदावर सोपं आहे. जागेवर ओठ म्हणजे नेमकं काय, इथूनच वाद सुरू झाला. गवत जिथे थांबतं ती रेषा, की खडक जिथे खाली वळतो ती? दोन्हींत कुठे अर्धा मीटर, कुठे तीन मीटर. मी खडकाची रेषा धरायची म्हणत होतो, कारण पाणी तिथून उडी घेतं. तात्यांचं म्हणणं वेगळं. शेळी गवताच्या रेषेपर्यंतच येते, त्यापुढे गेली तर ती गेलीच. शेवटी दोन्ही रेषा घ्यायचं ठरलं. काम दुप्पट झालं, पण नकाशा दोन्ही कामांना लागणार आहे.

तात्या पुढे चालत काठी आपटत होते. बहुतेक ठिकाणी टणक आवाज. एका वळणावर आवाज एकदम भद्द आला, तसा त्यांनी हात आडवा धरला. "हितून माघारी फिरा. खाली कपार हाय, वरचं नुस्तं छत हाय." आम्ही फिरून पलीकडच्या काठावरून पाहिलं तर खरंच, ज्या जागेवर उभे होतो तिच्याखाली खडक आत खाल्लेला, दोन माणसं आडवी झोपतील एवढा. तिथून पुढे आम्ही दोराशिवाय कडेला गेलो नाही. आणि तेवढ्या पट्ट्यात बिंदू हातभर आतूनच घेतले. बाकीचं अंतर टेपने धरलं.

दुपारपर्यंत खाली उतरायच्या तीन नाळा सापडल्या. सापडल्या म्हणजे तात्यांनी दाखवल्या. त्यांतल्या एकीतून गुरं उतरतात, एकीतून फक्त शेळ्या, आणि तिसरीतून, त्यांच्याच शब्दांत, "पोरं आणि येडे". तिन्हींची गावातली नावं वहीत घेतली.

२१ जानेवारी

नियंत्रण बिंदूंचा दिवस, म्हणजे ज्यांच्यावरून बाकी सगळं मोजायचं ते पक्के बिंदू ठरवायचे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू केंद्रांच्या जाळ्यावरून थेट दुरुस्ती घेता आली असती, पण त्यासाठी मोबाइलला रेंज लागते आणि ती गावच्या पाण्याच्या टाकीपाशीच संपते. म्हणून स्वतःचा बेस, म्हणजे रोव्हरला दुरुस्ती देणारं एका जागी स्थिर यंत्र, लावला. शाळेच्या गच्चीवर एक आणि माळाच्या मध्यावर पक्क्या खडकात छिन्नीने फुली कोरून दुसरा. दोन्हींवर दिवसभर निरीक्षण. रस्त्याकडेच्या एका जुन्या बेंचमार्कचा (उंची ठाऊक असलेल्या खुणेच्या दगडाचा) ठावठिकाणा मिळाला होता. जाऊन पाहिलं तर रस्ता रुंद करताना तो दगडच गेलेला.

उंचीबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण गावातल्या दोन पोरांनी मोबाइलवर उंची बघितली आणि आमचा आकडा त्याच्याशी जुळेना. उपग्रहावरून मिळते ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासूनची. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाचा मोठा खळगा आहे. तिथे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या शंभराहून जास्त मीटर खाली बसते. त्या खळग्याचा उतार दख्खनभर पसरलाय, म्हणून आमच्या माळावरही दोन उंचींत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. कुठला मोबाइल हा फरक वळता करून दाखवतो, कुठला नाही. पोरांना हे पटलं. मात्र "मग खरी उंची कंची?" या प्रश्नावर मी "नकाशावर लिहीन ती" असं म्हणून सुटका करून घेतली. नकाशाच्या पट्टीत, म्हणजे खुणांचा अर्थ देतो त्या सूचीत, समुद्रसपाटी असं स्पष्ट लिहायचं.

२८ जानेवारी

वारा. उड्डाण नाही.

४ फेब्रुवारी

पहिलं उड्डाण. त्याआधी उंचीचं गणित. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात (जिथे उडायला पूर्वपरवानगी लागत नाही) जमिनीपासून १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडता येतं. माळावर ९० मीटरने उडायचं म्हटलं तर सगळं नियमात. पण तोच ड्रोन त्याच पातळीवर घळीवर गेला की खालची जमीन चाळीस मीटर खचलेली, म्हणजे अंतर १३०. काही न करता नियम मोडला. म्हणून माळापासून ७५ मीटर धरलं, घळीच्या तळापासून ते ११५च्या आसपास राहतं. त्याची किंमत अशी की तळाचे फोटो माळाच्या मानाने दीडपट भरड येतात. तळ वेगळा करायचाच होता, त्यामुळे चालेल.

फोटो जागेशी जुळवायला जमिनीवर चुन्याने फुल्या काढल्या होत्या. दहा वाजता बघतो तर एका फुलीवर शेळ्या बसलेल्या आणि दुसरी त्यांनी तुडवून नाहीशी केलेली. यापुढे काळापांढरा फ्लेक्स, चारी कोपऱ्यांवर दगड.

संध्याकाळी पहिले फोटो जोडून पाहिले आणि अपेक्षित तेच निघालं. ड्रोन जमीन मोजत नाही, गवताचा शेंडा मोजतो. अर्ध्या मीटरच्या रेषा काढायच्या तर उंचीतली चूक पाव मीटरच्या आत हवी, आणि गवतच पाऊण मीटर. शिवाय वाऱ्याने पाती हलली की लागोपाठच्या दोन फोटोंत एकच जागा वेगळी दिसते आणि जुळणी फसते. रोव्हरने गवतात खांब टेकवून काही बिंदू तपासले. ड्रोनची उंची सगळीकडे जास्त, तीही सारखी जास्त नाही. लवणात मारवेल दाट म्हणून तिथे सर्वांत जास्त. म्हणजे नकाशावर लवणं भरून निघाली असती. पाणी जिथून वाहतं नेमकी तीच जागा.

उपाय साधा आहे, पण महिनाभर थांबावं लागणार. गावाची गवतकापणी चालू आहे, मग जनावरं सोडतील. माळ चरून साफ झाला की पुन्हा उडायचं. तोवर घळ.

११ फेब्रुवारी

घळीच्या भिंतींसाठी कॅमेरा तिरका करून उडणं. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला उभी भिंत दिसत नाही, कपार तर नाहीच. ताईंनी भिंतीपासून तीस मीटर अंतर ठेवून दोन पट्टे उडवले. तिसऱ्या पट्ट्याला तात्यांनी थांबवलं. समोरच्या कपारीच्या छताला काळे पट्टे लटकत होते, मला ते ओल वाटली. आग्या मोहळं. नीट पाहिलं तर पोळ्यांच्या अंगावरून लाटा सरकत होत्या, हजारो माशा एकदम पंख हलवतात तशा. "मशीन जवळ गेलं की उठतील. आपण पळू वो, खाली चरायलीत त्यांचं काय?" खाली तळात दुसऱ्या वाड्यावरची मेंढरं होती.

तो भाग सोडला. भिंतीचे साधारण साठ-सत्तर मीटर विरळ राहिले. समोरच्या काठावरून टोटल स्टेशनने (दुरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने) धरता येतील, त्याला आवाज नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. रामेश्वराकडे माणसांची रीघ, त्यामुळे आज आजूबाजूलाही ड्रोन काढायचा नाही असं आधीच ठरलं होतं. घरी बसून प्रक्रिया.

पॉइंट क्लाउडमधून (फोटोंवरून निघालेल्या लाखो बिंदूंच्या ढिगातून) झाडंझुडपं वगळून जमीन वेगळी काढायला कापडाचा फिल्टर वापरला. त्याची युक्ती मला पहिल्यापासून आवडते. संगणक सगळा भूभाग उलटा करतो आणि त्यावर एक कल्पित कापड सोडतो. कापड जिथे टेकतं ती जमीन, जे त्याला लागत नाही ते झाड नाहीतर घर. सपाट माळावर हे छान चालतं. घळीपाशी मात्र घोटाळा. उलटं केल्यावर घळीची होते उंच धार. कापड धारेवरून खाली येतं, पण भिंतीला चिकटून सरळ उतरत नाही, तिरकं ताणून राहतं. त्यामुळे धारेच्या पायथ्याशी ते जमिनीला टेकतच नाही. आणि तो पायथा म्हणजे सुलट्या जगातला घळीचा ओठ. परिणाम: ओठाची दोन-तीन मीटरची पट्टी "जमीन नाही" म्हणून गळून पडते, आणि रेषा काढल्या की कड गोल होऊन येते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या उपग्रहाच्या डेटात दिसली होती, तशीच. फोटो अडीच सेंटिमीटरचे, आणि रोग तोच.

कापड जास्त सैल करून थोडा फरक पडतो, पण मग बोरीची झुडपंही जमीन होऊन बसतात. तेव्हा चालून घेतलेल्या दोन्ही रेषा मोडरेषा, म्हणजे उतार जिथे एकदम मोडतो त्या रेषा, म्हणून आत घातल्या आणि पृष्ठभाग तिथे सक्तीने तोडला. मग कुठे ती घळ घळीसारखी दिसायला लागली. जानेवारीत कुसळं टोचून घेतली त्याचं चीज झालं.

दुसरं एक. भिंत चाळीस मीटर उभी, पाच मीटरच्या आडव्या अंतरात. अर्ध्या मीटरच्या रेषा म्हणजे तिथे ऐंशी. १:२,५०० च्या कागदावर पाच मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरमध्ये ऐंशी रेषा ही नुसती काळी घाण. आणि कपार असेल तिथे रेषा एकमेकींना ओलांडून गेल्या पाहिजेत, पण प्रत्येक चौकटीला एकच उंची ठेवणाऱ्या आपल्या पृष्ठभागात ते बसतच नाही. म्हणून समोच्च रेषा ओठाशी तोडायच्या, भिंतीला कड्याची दातेरी खूण आणि शेजारी खोलीचा आकडा. कपारीला वेगळी तुटक रेषा. जुन्या हाताने काढलेल्या नकाशांवर असंच असायचं. आमच्यातल्या नव्या पोराला ते मागासलेलं वाटलं. वाटू दे.

५ मार्च

गुरांच्या नाळेने घळीत उतरलो. खांद्यावर टोटल स्टेशन, तिपाई, पाणी. खाली उपग्रह मिळत नाहीत असं नाही, पण भिंतींमधून आकाशाची जी चिंचोळी पट्टी दिसते तिच्यात चार-पाचच, आणि त्यांचे संदेशही भिंतीवर आपटून येतात. रोव्हर "फिक्स", म्हणजे जागा पक्की मिळाली, असं म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही. वरच्या दोन ज्ञात बिंदूंवरून मार्गक्रमण, म्हणजे एका बिंदूवरून पुढचा मोजत नेलेली साखळी, खाली आणलं आणि पुढचं सगळं कोन नि अंतर.

भिंतीला नाक लावून बघायला मिळालं हा या दिवसाचा नफा. सर्वांत वर मुरूम, खडक कांद्याच्या पापुद्र्यांनी सुटलेला. त्याखाली एकसंध काळा पाषाण, उभ्या भेगांनी चिरलेला. त्याच्या बुडाशी हाताच्या पंजाएवढा जाड तांबडा थर, नखाने खरवडला तर निघतो. त्याखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांच्या मध्ये काळ गेला तेव्हा खालच्याचा माथा कुजून माती झाला आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती माती भाजली. तोच हा तांबडा पट्टा. घळ वाढते ती याच्यामुळे. मऊ थर पाण्याने आणि ओलीने आधी झिजतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो, मग उभ्या भेगेवरून त्याचा एक चौकोनी तुकडा निखळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. तळात पडलेले धोंडे पाहिले, एकेक खोलीएवढा, आणि काहींच्या पाठीवर अजून माळावरची माती नि गवताचे झुबके. म्हणजे फार जुने नाहीत.

तांबड्या थराच्या वरच्या अंगाला ओल होती. मार्चमध्ये. पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरतं, चिकण थराशी अडतं आणि आडवं बाहेर येतं. थेंब थेंब, पण खाली नेच्यांचा हिरवा पट्टा. हा पट्टा सगळ्या घळीभर एकाच पातळीवर आहे का, ते टोटल स्टेशनने दूरवरून मोजलं. जवळजवळ आहे, खालच्या टोकाकडे किंचित उतरता.

तळात धबधब्याच्या कुंडापाशी रांजणखळगे. एकात अजून पाणी आणि बेडकं. मोजून घेतले, चहा प्यायलो, ऊन भिंतीवर चढायच्या आत वर आलो.

१८ मार्च

माळ आता चरून झाला. काल आणि आज नव्याने उड्डाण, सकाळी साडेनऊच्या आत संपवलं. त्यानंतर वावटळी उठतात. गवताचं खुंट बोटभर. रोव्हरच्या तपासणीत फरक आता बसण्याजोगा.

खरं काम आज उत्तरेच्या सपाट तुकड्यावर. मांजरा याच तालुक्यात गवळवाडीपाशी उगम पावते आणि गोदावरीला जाते. सिंदफणाही इथलीच, तीही गोदावरीला. विंचरणा दक्षिणेला उतरून सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे गोदावरी आणि कृष्णा या दोन खोऱ्यांची सीमा या पठारावरून जाते, आणि आमच्या गायरानाचा उत्तरेचा कोपरा नेमका तिच्यावर. नकाशांवर ही सीमा ऐटीत जाड रेषेने काढलेली असते, डोंगराच्या धारेवरून गेल्यासारखी. जागेवर धार वगैरे काही नाही. दोनशे मीटरमध्ये अर्ध्या मीटरचाही चढ नाही अशी सपाटी.

अशा ठिकाणी ड्रोनवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, रोव्हरवरही फारशी नाही, कारण उंचीत त्याचे दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे. ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि तिची आकड्यांची उभी पट्टी काढली. पंचवीस मीटरच्या जाळीवर दिवसभर वाचन. नव्या पोराला प्रथमच कळलं की पट्टी सरळ धरणं हेही कौशल्य आहे.

निघालं ते गमतीचं. सर्वांत उंच बिंदूंची रेषा एका जागी जुन्या गाडवाटेला येऊन मिळते. त्या वाटेवर अलीकडे मुरूम टाकून ती हातभर उंच केलीय. पूर्वी त्या तुकड्यावरचं पाणी दक्षिणेला घळीकडे जात असणार, आता वाटेचा बांध झाला आणि पाणी तिच्या कडेकडेने पूर्वेला, मांजरेच्या अंगाला वळतं. तुकडा मोठा नाही, पाच-सहा एकर. पण त्या पाण्याचं खोरं बदललं ते मुरमाच्या दोन-चार ट्रॉल्यांनी.

तात्यांना रेषा दाखवली. ते वाटेच्या दक्षिणेला वीसेक पावलं जाऊन एका जागी उभे राहिले. "पाऊस झाला की हितं पाणी तुंबतंय. लई भरलं तर वाट फोडून तिकडं जातंय, न्हाईतर आपल्याकडंच." आमच्या जाळीत ती जागा खरोखर चार सेंटिमीटर खोलगट आहे. म्हणजे लहान पावसाचं पाणी कृष्णेचं आणि मोठ्या पावसाचं गोदावरीचं. नकाशावर हे कसं दाखवायचं यावर आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो.

२५ मार्च

काय दाखवायचं नाही तेही लिहून ठेवू. लांडग्याच्या बिळाची जागा नाही. कपारीतल्या शृंगी घुबडाची नाही. दोन्ही आमच्या बिंदूंत आलीत, तिथून काढून टाकली. गावातल्या कुणाला ती माहीत नाहीत असं नाही, पण कागद गावाबाहेर जातो.

२ एप्रिल

पाडवा झाला आणि ऊसतोडीला गेलेली बरीच माणसं परतली. त्याआधी बैठक घ्यायची नाही असं जानेवारीतच ठरलं होतं. अर्धं गाव कारखान्याच्या फडात असताना नकाशा वाचून घेणार कुणाकडून?

शाळेत भिंतीवर नकाशाचे चार पत्रे, म्हणजे कागद, लावले. समोच्च रेषा समजावायला मी तयारी केली होती, गरज पडली नाही. लोकांनी आधी नाळा शोधल्या, त्यावरून घळ, मग स्वतःचं शेत. रेषा मागाहून आपोआप कळल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र थेट मुद्द्याला हात घातला: गायरानाचं क्षेत्र सातबाऱ्यावर आहे त्यात घळीच्या भिंती धरल्यात का? धरल्यात, पण वरून पाहिल्यावर दिसतात तेवढ्याच. जमिनीची मोजणी आडव्या अंतराने होते, जुनी शंकू-साखळीची असो की आजची. साखळी उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी आडवी धरत. त्यामुळे उभ्या भिंतीचं क्षेत्र जवळपास शून्य आणि उतारावरचं गवत कागदावर आहे त्याहून थोडं जास्त. "म्हंजी शेळ्यांचं फुकटात जास्ती," बाबा म्हणाले आणि बसले.

रंगावरून बराच वेळ गेला. मी माळाला फिकट पिवळा दिला होता. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची जमीन हा एक वर्ग आहे आणि असले माळ बहुधा त्यातच जातात. पिवळा बघून कुणालाही तेच वाटेल आणि उद्या कुणी सौर पटलांचा नाहीतर वृक्षलागवडीचा प्रस्ताव घेऊन येईल, असं एका शिक्षकांचं मत. मला पटलं. माळाचे आता चार वर्ग: कुसळीचा पातळ माळ, पवन्या-शेड्याचा राखीव, लवणातला मारवेल आणि उघडा खडक. चारींना वेगळ्या हिरव्या-तपकिरी छटा, आणि पट्टीत प्रत्येकासमोर कापणीचा महिना.

सर्वांत मोठी दुरुस्ती एका मावशींकडून. त्या बराच वेळ घळीच्या पत्र्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "झरा कामून न्हाई दावला?" कुठला झरा? आग्या मोहळांच्या कपारीखालचा, जिथे आम्ही ड्रोन नेला नव्हता. टँकर सुरू व्हायच्या आधी बायका तिथून पाणी आणायच्या, तेही चौथ्या एका वाटेने, जी तात्यांनी दाखवलीच नव्हती. तात्या म्हणाले, ती बायकांची वाट, आमची मेंढरं तिकडून जात नाहीत. मावशींनी पेन्सिलने वाट काढून दिली. तांबड्या थराची पातळी मी त्या पत्र्यावर आधीच तुटक रेषेने काढली होती. त्यांची खूण त्या रेषेवर, फार तर मीटरभर इकडेतिकडे.

९ एप्रिल

मावशी आणि त्यांची सून यांच्याबरोबर सकाळी त्या वाटेने उतरलो. वाटेत तीन ठिकाणी खडकात पाय ठेवायला खोबणी कोरलेल्या, कधीच्या ते कुणाला ठाऊक नाही. झरा आहे, कळशी भरायला पंधरा मिनिटं लागली. टोटल स्टेशनने जागा आणि उंची घेतली. मोहळं अजून होती म्हणून बोलणं हळू, फोटो नाहीत.

अंतिम पत्रे १:२,५०० प्रमाणाचे, जागा मोजायची पद्धत डब्ल्यूजीएस-८४, यूटीएम पट्टा ४३ उत्तर. एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत. तात्यांच्या वाड्यावर पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची एक घडीची प्रत. दगडी बांधांच्या जागा ओघळींच्या माथ्याकडून सुचवल्यात, कडेपासून तीस मीटरच्या आत एकही नाही. तिथे पाणी मुरवलं तर अधांतरी पाषाणाच्या भेगेतच उतरणार.

उत्तरेच्या पत्र्यावर खोऱ्यांची सीमा गाडवाटेपर्यंत अखंड, वाटेपासून पुढे तुटक, आणि त्या पाच-सहा एकरांवर आडव्या रेघा. पट्टीत लिहिलंय: लहान पावसात दक्षिणेला, मोठ्या पावसात पूर्वेला. वाटेखाली मोरी टाकायची का, ते ग्रामसभेने ठरवायचं. मोरीसाठी लागणाऱ्या पातळ्या त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात दिल्या आहेत.